बाग कराराला देण्याआधी

वाचकाचं पत्र:

"माझे बाबा 61 वर्षांचे आहेत. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत त्यांच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ बहुतेक सगळी काढली असं डॉक्टर म्हणाले, पण रिपोर्ट ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड 4 असा आला, म्हणजे मेंदूचा कर्करोग. आता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सहा आठवडे मुंबईत शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायचे आणि रोज गोळ्या. न्यू जर्सीला असलेल्या मामेभावाने एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात डोक्याच्या आतच किरण सोडणाऱ्या चकत्या ठेवतात आणि माणूस थोड्याच दिवसांत घरी जातो. दादाने एका एजंटशी बोलणं केलंय. पैशासाठी बाग पाच वर्षांच्या कराराने द्यायचं घाटतंय. बाबांचं म्हणणं, 'पयले गणपती होवंदेत, मगे काय ता बघू.' माझी चार वर्षांची मुलगी सारखी त्यांच्या मांडीवर असते. शेजारच्या काकी सांगतात, शेक घेतलेल्या माणसाजवळ पोर ठेवू नये. आतून शेक घेतले तर मुंबईचे सहा आठवडे वाचतील का? आणि बाबा बरे होतील ना?"
एक मुलगी, देवगड तालुका

ताई,

करारावर सही झाली नसेल तर आज संध्याकाळीच दादाशी बोला. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही. अमेरिकेत अशा चकत्या वापरतात. गामाटाइल हे त्यांचं नाव. साधारण दोन सेंटीमीटर लांब, तेवढीच रुंद, कोलॅजेनची मऊ चकती, आणि तिच्यात सीझियम-131 या किरणोत्सारी पदार्थाचे चार बारीक दाणे. तिथल्या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये त्यांना परवानगी दिली ती पुन्हा उद्भवलेल्या मेंदूच्या गाठींसाठी. 2020 मध्ये नव्याने निदान झालेल्या कर्करोगाच्या गाठींसाठीही दिली. पण व्हिडिओत एक गोष्ट नीट सांगितलेली नसते. चकत्या ठेवायच्या त्या ऑपरेशन चालू असतानाच. गाठ निघाली, रक्त थांबलं, की तिथे जी पोकळी उरते तिच्या भिंतींना सर्जन या चकत्या लावतो आणि मग कवटी बंद करतो. बाबांची कवटी जुलैत बंद झाली. आता चकत्या ठेवायच्या म्हणजे भरत आलेली जखम पुन्हा उघडायची, पुन्हा भूल, पुन्हा जंतुसंसर्गाची भीती. एवढ्याच कारणासाठी शहाणा सर्जन हात लावणार नाही. आणि लावतो म्हणणारा भेटलाच, तर मी त्याच्यापासून लांब राहीन.

समजा, जुलैतच चकत्या ठेवल्या असत्या, तर मुंबईचे सहा आठवडे वाचले असते का? बाबांच्या आजारात नाही. नव्याने सापडलेल्या ग्लायोब्लास्टोमात जिथे या चकत्यांचे प्रयोग चालू आहेत, तिथेही त्यांच्या जोडीला बाहेरून शेक आणि गोळ्या द्याव्याच लागतात. याचं कारण या गाठीच्या स्वभावात आहे. सर्जनला दिसते ती गाठ निघते, पण तिच्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत शिरलेल्या असतात. एमआरआयमध्येही त्या वेगळ्या दिसत नाहीत. सीझियमचे किरण मऊ, त्यांची पोच थोड्या मिलिमीटरांची. चकतीपासून पाच मिलिमीटरवर भरपूर मात्रा मिळते, आणखी थोडं पुढे गेलं की झपाट्याने कमी होते. हाच तिचा गुण आहे, कारण पलीकडचा चांगला मेंदू वाचतो. आणि तीच तिची मर्यादाही, कारण पसरलेल्या पेशी त्या पलीकडच्या भागातही असतात. बाहेरून दिलेल्या शेकांत पोकळी आणि तिच्या भोवतीचा दीड-दोन सेंटीमीटरचा पट्टा धरून आखणी करतात, तो याच पेशींसाठी.

आतून किरण द्यायची कल्पना नवी नाही. रेडियम हाती आलं तेव्हापासून सर्जन ते मेंदूच्या गाठीत ठेवून पाहत आलेत. मध्यंतरी आयोडीन-125 चे दाणे बारीक नळ्यांतून गाठीत सोडायची पद्धत चांगलीच चालली. सुरुवातीचे आकडे इतके छान दिसले की सगळेच हरखले. मग कोणीतरी विचारलं, हे दाणे कोणाला ठेवले जातात? एकच गाठ, लहान, सोयीच्या जागी, पेशंट हिंडता-फिरता. असा पेशंट दाण्यांशिवायही इतरांपेक्षा जास्त जगतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून तुलना झाली. टोरोंटोत 140 पेशंटांवर झालेला अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. दाणे ठेवलेल्या गटाचं मध्य आयुर्मान (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) 13.8 महिने, न ठेवलेल्यांचं 13.2. म्हणजे फरक नाहीच. अमेरिकेतला याहून मोठा अभ्यास 2002 मध्ये आला. त्यातही सिद्ध झालेला फायदा दिसला नाही. वर काही पेशंटांना मेलेल्या ऊतींचा गोळा काढायला पुन्हा ऑपरेशन लागायचं. त्यानंतर पोकळीत किरणोत्सारी द्रव भरलेला फुगा ठेवायची पद्धत आली आणि मागे पडली. ऑपरेशनच्या टेबलावरच एका बैठकीत किरण देणारं यंत्र आलं, त्याच्यावर अजून काम चालू आहे.

हे एवढं लिहिलं ते चकत्यांना नावं ठेवण्यासाठी नव्हे. जुन्या दाण्यांपेक्षा त्या बऱ्याच सुधारलेल्या आहेत. दाणा मेंदूला थेट टेकत नाही, कोलॅजेनमुळे थोडं अंतर राहतं. सीझियमचं अर्धं बळ दहा दिवसांच्या आतच सरतं, आणि सहा आठवड्यांत जवळजवळ सगळी मात्रा देऊन होते. पुन्हा काढायची गरज नाही. मेंदूत दुसरीकडून पसरलेल्या गाठींमध्ये आणि एकदा शेक घेऊन झाल्यावर परत आलेल्या गाठींमध्ये त्यांचा खरा उपयोग होईल असं मला वाटतं, कारण तिथे बाहेरून दुसऱ्यांदा भरपूर किरण देता येत नाहीत. पण बाबांच्या बाबतीत आज ज्याचा पुरावा हातात आहे, तो त्या कंटाळवाण्या सहा आठवड्यांचाच.

तो पुरावा सांगतो, म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नालाही उत्तर मिळेल. 2005 साली युरोप आणि कॅनडातल्या 573 पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त शेक, दुसऱ्याला शेक आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. दोन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरातले दहा जिवंत होते, दुसऱ्या गटातले सव्वीस-सत्तावीस. मध्य आयुर्मान 12.1 महिन्यांवरून 14.6 वर गेलं. बाबांना जे सुचवलंय ते नेमकं हेच आहे: तीस शेक, एकूण 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), आणि गोळ्या. ताई, हा आजार मुळासकट जातो असं मी तुम्हाला लिहिणार नाही. तो बहुतेक वेळा परत येतो. उपचार आहेत ते वेळ मिळवण्यासाठी, आणि त्या वेळात बाबा बोलते, चालते, माणसं ओळखणारे राहावेत यासाठी. हे आकडे गटाचे आहेत, बाबा त्यांत कुठे बसतील ते कोणी सांगू शकत नाही. रिपोर्टमध्ये एमजीएमटी नावाची तपासणी झाली आहे का ते विचारा. ती अनुकूल आली तर गोळ्यांचा गुण जास्त येतो. बाबांना यातलं किती सांगायचं ते तुम्ही घरचे ठरवा, पण त्यांनी स्वतः विचारलं तर खोटं बोलू नका. बागायतदार माणूस आहे. मोहोर गळताना पाहिलेला माणूस वाटतो त्यापेक्षा जास्त सोसतो.

आता गणपती.

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत शेक सुरू व्हावेत असा प्रघात आहे. जखम भरायला तेवढा वेळ द्यावा लागतो, आणि त्याहून लांबवलं तर गाठीला रान मोकळं मिळतं. बाबांचे सहा आठवडे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरतात. चतुर्थी 14 सप्टेंबरला. पाच दिवसांचा गणपती धरला तरी विसर्जन 18 तारखेला, मग माणसं परतायची, मग तिकिटं, मग मुंबईत पोचून शेकासाठीचा मास्क आणि आखणीत सात-आठ दिवस. शेक सुरू व्हायला सप्टेंबर संपेल. नऊ आठवडे. ही गाठ इतकं थांबत नाही. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घाला, कौल लावायचा तर लावा, मी देवाच्या आड येणारा नाही. तारीख मात्र डॉक्टरांनी दिलेलीच पाळा.

पण बाबांचा हट्ट मला कळतो. आमच्याकडेही चतुर्थीला घरी नसलेला माणूस सुतकात असल्यासारखा तोंड करून बसतो. म्हणून एक वाट सुचवतो. शेक सोमवार ते शुक्रवार असतात, शनिवार-रविवार सुट्टी. यंदा चतुर्थी सोमवारी आहे, तीही सार्वजनिक सुट्टी, आणि पुष्कळ केंद्रं त्या दिवशी बंद असतात. म्हणजे शेक 7 तारखेच्या आसपास सुरू झाले तरी शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस एकही शेक न चुकवता मिळू शकतात. मुंबईहून या तीन दिवसांत कोकणात येणं-जाणं मात्र मला पसंत नाही. त्या गर्दीत आरक्षण मिळणार नाही, हायवेवर माणूस तासन् तास अडकून पडतो, आणि बाबांना फिट येण्याची शक्यता आहे.

मुंबईच हवी का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. कोल्हापूर-मिरजेकडेही किरणोपचाराची केंद्रं आहेत. सहा आठवड्यांचे साधे आखीव शेक आणि टेमोझोलोमाइड हा उपचार सगळीकडे त्याच पद्धतीने देतात. त्याला लागतं किरण सोडणारं चांगलं लिनॅक यंत्र, एमआरआय जुळवून आखणी करणारा फिजिसिस्ट आणि हा आजार नेहमी पाहणारा डॉक्टर. ऑपरेशन केलेल्या सर्जनची चिठ्ठी आणि आखणीसाठी लागणारी एमआरआयची सीडी घेऊन आधी दादाने एक चक्कर मारावी, यंत्रावर तारीख कधीची मिळते ते विचारावं. तारीख मुंबईपेक्षा उशिराची निघाली तर हा विषय तिथेच सोडून द्या. मिळाली, तर तुमच्याकडून करूळ घाट चढला की काही तासांत कोल्हापूर. पावसात करूळ बंद पडला तर भुईबावडा किंवा फोंडा आहेच. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं आणि शुक्रवारचा शेक घेऊन घरी यायचं, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर. चतुर्थीला पूजेला बाबा पाटावर बसतील आणि संध्याकाळी गाडीत. माझं मत विचाराल तर मी हेच करीन. बाकीचे चार दिवस आरती दादाने म्हणावी.

शेकांना बाबा घाबरत असतील तर पहिल्या दिवशी काय होतं ते त्यांना आधीच सांगून ठेवा. प्लास्टिकची एक जाळीदार चादर गरम पाण्यात मऊ करतात, पुसून कोमटसर असतानाच चेहऱ्यावर अंथरतात आणि नाका-हनुवटीभोवती हाताने दाबतात. काही मिनिटांत ती कडक होते. हाच मास्क. डोकं रोज मिलिमीटरही हलू नये म्हणून तो टेबलाला खिळतात. जाळीतून श्वास घेता येतो, दिसतंही, पण पहिल्यांदा जीव घुसमटल्यासारखा होतो. तशी धास्ती वाटली तर टेक्निशियनला आधीच सांगा, डोळ्यांपुढची जाळी कापून देतात. मास्क करायच्या दिवशी बाबांनी दाढी केलेली असावी आणि पुढे सहा आठवडे दाढी-मिशांचा तोच मेळ ठेवावा, नाहीतर मास्क नीट बसत नाही. रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. दुखत नाही, भाजत नाही, नुसता यंत्र फिरल्याचा आवाज. दोन-तीन आठवड्यांनी किरण जातात त्या भागाचे केस गळतील आणि थकवा येईल. शेवटच्या आठवड्यांत तो वाढतो, दुपारची झोप वाढते. तेव्हा गावातली माणसं "काय रे, खालावलो" म्हणायला येतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

टेमोझोलोमाइडची गोळी रोज, शनिवार-रविवारीही. उपाशीपोटी, शेकाच्या दिवशी साधारण तासभर आधी, आणि उलटीची गोळी तिच्याही आधी. कॅप्सूल फोडून पाण्यात विरघळवायची नाही, तुटली तर पावडरीला हात लावायचा नाही. दर आठवड्याला रक्त तपासतात, ती तपासणी चुकवू नका. रक्तातल्या पेशी उतरल्या की गोळी थांबवावी लागते. सूज उतरवणारी डेक्सामेथासोनची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, एकदम तर मुळीच नाही. तिच्याने साखर वाढते. बाबांना मधुमेह असेल तर घरी मीटर हवंच. फिटची गोळीही तशीच. "बरं वाटतंय म्हणून बंद केली" हे वाक्य नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची चीड येते.

आणि तुमची मुलगी. तिला मांडीवर बसू दे. बाहेरून दिलेले किरण यंत्र चालू असेपर्यंतच असतात. बटण बंद झालं की बाबांच्या अंगात काहीही उरत नाही. त्यांचं ताट, अंथरूण, घाम, लघवी, कशातच नाही. गरोदर बाईही शेजारी बसली तर काही बिघडत नाही. काकी चुकतात त्यामागे कारण आहे. आतून ठेवलेल्या किरणांची गोष्ट वेगळी असते. चकत्या किंवा दाणे ठेवलेले असतील तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे लहान मुलं आणि गरोदर बायकांनी किती जवळ, किती वेळ बसायचं याच्या सूचना डॉक्टर लेखी देतात, आणि त्या पाळाव्या लागतात. बाबांना तसं काही ठेवलेलं नाही. काकींना रागावू नका, हा परिच्छेद वाचून दाखवा. मुलीपासून काळजी घ्यायची ती वेगळीच: तिला सर्दी-ताप असेल तर चार दिवस आजोबांपासून लांब, कारण गोळ्यांनी त्यांची ताकद उतरलेली असेल.

पैशाचं बोलू. एजंट तुम्हाला जे विकतोय त्याची वेळ बाबांसाठी निघून गेलेली आहे, तेव्हा बाग देऊन ते आणण्यात अर्थ नाही. कराराची बाग म्हणजे पाच वर्षं कलमांचा ताबा दुसऱ्याकडे. तो औषधं मारून जेवढं पीक काढता येईल तेवढं काढणार, परत हातात येतील तेव्हा झाडं दमलेली असतील, हे मी तुम्हाला देवगडात राहणाऱ्यांना काय सांगू! अगदी कोणी भारतातच "चकत्या मागवून देतो" म्हणाला, तरी त्याला दोन प्रश्न विचारा. हा पदार्थ वापरायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी कोणत्या रुग्णालयाला आहे, ते लेखी दाखव. आणि दहा दिवसांच्या आत अर्धा होणारा माल कोणत्या तारखेचा आहे ते सांग. तो फोन पुन्हा येणार नाही.

शेक आणि त्यासोबतचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात का ते आधी बघा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत हवं. तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जा, आणि उपचार सुरू होण्याआधी जा, नंतर कागद फिरत बसतात. टेमोझोलोमाइड भारतीय कंपन्या बनवतात. एकाच औषधाच्या किमतीत मोठा फरक असतो, तेव्हा डॉक्टरांनाच स्वस्त ब्रँड लिहून द्यायला सांगा. मुंबईच ठरली तर कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेची सवलत असते, तिचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या गावाकडच्या पेशंटांसाठी किती वर्षं चालू आहे. तिथे जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, तेव्हा आधी त्या विभागात जा. एवढं करूनही पैसे कमी पडले तर बाग एका हंगामापुरती द्या. तोही हिशेब आता मांडू नका, शेक सुरू होऊ देत.

मामेभावाला वाईट वाटू देऊ नका. त्याने मनापासून पाठवलंय, आणि त्याचा व्हिडिओ पुढे कामाला येऊ शकतो. गाठ परत आली आणि दुसरं ऑपरेशन करण्यासारखी असली, तर तेव्हा आतून किरण द्यायचा प्रश्न खरा होतो. तो ऑपरेशनच्या आधी विचारायचा, टेबलावर जाण्याआधी, कारण नंतर त्याला अर्थ उरत नाही, हे तुम्ही यंदा पाहिलंतच. सर्जन आणि किरणोपचाराचे डॉक्टर या दोघांनी एकत्र बसून ठरवायची गोष्ट आहे: आधीची मात्रा किती झालीय, गाठ कुठे आहे, बाबांची ताकद किती आहे. पण त्याआधी एक सावधगिरी. शेक संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांतल्या एमआरआयमध्ये कधीकधी गाठ वाढल्यासारखी दिसते. ती सूज असू शकते, किरणांचा परिणाम. थोड्या आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढला की बसलेली दिसते. त्या एका रिपोर्टवरून रडारड नको, आणि एजंटला फोन तर नकोच.

एक काम आजच करून टाका. ऑपरेशनच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या एमआरआयच्या सीड्या, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. पॅथॉलॉजीतून बायोप्सीचा मेणातला ठोकळा कधी आणि कसा मिळतो तेही विचारून ठेवा. एमजीएमटी झाली नसेल तर त्याच ठोकळ्यावर होते. सीड्या झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, तुमच्याकडच्या भाद्रपदातल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते आणि नेमकी आखणीच्या दिवशी सीडी उघडत नाही.